टोमॅटोची लढाई ते मौनाचा दिवस : जगाच्या पाठीवरील आगळेवेगळे सण

जपानच्या उत्तर भागातील इवाते प्रांतात ओशू नावाचे शहर आहे. तेथील कोकुसेकी-जी या बौद्ध मंदिराच्या परिसरात १७ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री शेकडो पुरुष कडाक्याच्या थंडीत केवळ लंगोट नेसून जमले. नदीच्या बर्फगार पाण्यात त्यांनी स्नान केले, अमंगळ दूर होवो अशा अर्थाच्या आरोळ्या दिल्या आणि ताईत भरलेली एक तागाची पिशवी मिळविण्यासाठी एकमेकांशी झोंबाझोंबी केली. हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलेला हा 'सोमिनसाई' उत्सव त्या रात्री अखेरचा साजरा झाला.

त्यावर कोणी बंदी घातली नव्हती. हौशी स्पर्धकांची वा प्रेक्षकांचीही वाण नव्हती. मात्र उत्सवाच्या तयारीची सारी जबाबदारी मंदिराशी पिढ्यान् पिढ्या बांधलेल्या मोजक्या कुटुंबांवर होती. त्या घरांतील माणसे म्हातारी झाली, तरुण पिढी शहरांकडे गेली आणि हा भार पुढे कोणी उचलायचा, या प्रश्नाला उत्तर उरले नाही. अखेर मंदिरानेच उत्सव थांबविण्याचा निर्णय घेतला.

'जगातील विचित्र सण' या मथळ्याखालील याद्या आपण नेहमीच वाचतो. त्यांत सणाचे नाव असते, तारीख असते आणि एखादे गमतीदार छायाचित्रही असते. परंतु हा सण सुरू कशामुळे झाला, त्याची उस्तवार कोण करते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्या यादीत सहसा सापडत नाही. सोमिनसाईची कहाणी पाहता हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटतात. त्याच अंगाने काही आगळ्यावेगळ्या सणांचा हा आढावा.

भांडणातून जन्मलेली 'ला टोमॅटिना'

स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळचे बुन्योल हे जेमतेम नऊ-दहा हजार वस्तीचे गाव. ऑगस्ट महिन्याच्या अखेरच्या बुधवारी येथे तासभर टोमॅटोंचा तुफान मारा चालतो. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' (२०११) या हिंदी चित्रपटामुळे हा सण आपल्याकडे घरोघरी पोहोचला.

या लढाईमागे कोणतीही पुराणकथा नाही. १९४५ मध्ये गावात भव्य पुतळ्यांची आणि मोठ्या मुखवट्यांची मिरवणूक निघाली होती. त्या गर्दीत तरुणांची धक्काबुक्की झाली, जवळच भाजीचे दुकान होते आणि हाताला लागले ते टोमॅटो एकमेकांवर भिरकावले गेले. पुढच्या वर्षी त्याच दिवशी मुले घरूनच टोमॅटो घेऊन आली. पन्नासच्या दशकात प्रशासनाने या प्रकारावर बंदी घातली, तेव्हा गावकऱ्यांनी १९५७ मध्ये चक्क टोमॅटोची अंत्ययात्रा काढली. एका भल्यामोठ्या टोमॅटोला शवपेटीत ठेवून, शोकसंगीत वाजवीत ती गावभर फिरविण्यात आली. या निषेधानंतर बंदी उठली.

आज या लढाईला काटेकोर नियम आहेत. टोमॅटो फेकण्यापूर्वी हातात चिरडायचा, बाटल्या वा टणक वस्तू आणायच्या नाहीत, दुसऱ्याचे कपडे फाडायचे नाहीत आणि समाप्तीचा बार उडाला की एकही टोमॅटो फेकायचा नाही. सुमारे दीडशे टन टोमॅटो त्या एका तासात रस्त्यावर पडतात. जेवणाच्या ताटासाठी योग्य नसलेलाच माल यासाठी वापरला जातो, असे आयोजक सांगतात. तरीही अन्नाच्या नासाडीचा आक्षेप दरवर्षी घेतला जातो. २०११ मध्ये या धर्तीचा कार्यक्रम कर्नाटकात करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा याच कारणावरून राज्य सरकारने त्याला मनाई केली होती.

बुन्योलपुढे मात्र गर्दीचे संकट अधिक मोठे होते. दहा हजारांच्या गावात चाळीस-पन्नास हजार पाहुणे येऊ लागल्याने २०१३ पासून तिकीट लावण्यात आले आणि सहभागींची संख्या वीस हजारांच्या आसपास मर्यादित करण्यात आली. गल्लीतील भांडणातून जन्मलेल्या सणाला आता प्रवेशपत्र लागते. परंतु त्यामुळेच तो सण गावाच्या आटोक्यात राहिला, हेही खरे.

चीजच्या चाकामागे धाव

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरमध्ये ब्रॉकवर्थ गावाजवळ 'कूपर्स हिल' ही टेकडी आहे. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे वसंत ऋतूतील सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, तिच्या माथ्यावरून 'डबल ग्लॉस्टर' जातीच्या चीजचे तीन-चार किलो वजनाचे गोल चाक सोडले जाते आणि त्यामागून स्पर्धक धावत सुटतात. धावतात म्हणण्यापेक्षा गडगडतात म्हणणे अधिक योग्य ठरेल. उतार इतका तीव्र आहे की उभे राहणेही कठीण. पायथ्याशी प्रथम पोहोचणाऱ्याला ते चीज बक्षीस मिळते. कोलांट्या घेत येणाऱ्यांना थोपवून धरण्यासाठी खाली स्थानिक रग्बी खेळाडूंची फळी उभी असते.

या शर्यतीचा लेखी उल्लेख १८२६ पर्यंत मागे जातो. परंपरा किती चिवट असते, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही १९५४ पर्यंत इंग्लंडमध्ये खाद्यपदार्थांवर शिधावाटप होते. चीजची अशी उधळपट्टी करण्याची सोय नव्हती. त्या काळात लाकडाचे चाक तयार करून त्यात चीजचा लहानसा तुकडा ठेवण्यात येई आणि शर्यत मात्र चुकली नाही.

२००९ मध्ये पंधरा हजारांच्या आसपास लोक टेकडीवर लोटले. एवढ्या गर्दीची सुरक्षितता सांभाळणे शक्य नसल्याने २०१० चा अधिकृत कार्यक्रम रद्द करण्यात आला. तेव्हापासून स्थानिक मंडळी आपल्या जबाबदारीवर, अनौपचारिकरीत्या ही शर्यत भरवितात. हात-पाय मोडणे, खांदा निखळणे हे नित्याचेच. २०२३ मध्ये महिलांच्या शर्यतीत कॅनडाची एक तरुणी गडगडताना बेशुद्ध पडली आणि त्याच अवस्थेत प्रथम क्रमांकाने पायथ्याशी पोहोचली. आपण जिंकलो हे तिला शुद्धीवर आल्यानंतर समजले. हसू यावे असाच हा प्रसंग आहे. परंतु अधिकृत आयोजक नसलेल्या उत्सवात दुखापतीची जबाबदारी कोणाची, हा त्यातील प्रश्न गंभीर आहे.

एका रात्रीपुरती मुळ्यांची कला

मेक्सिकोतील वाहाका शहरात २३ डिसेंबरची संध्याकाळ ही 'मुळ्यांची रात्र' म्हणून साजरी होते. शहराच्या मुख्य चौकात लाल मुळ्यांवर कोरलेल्या मूर्तींची प्रदर्शने मांडलेली असतात. येशूजन्माचे देखावे, लग्नाच्या वराती, नर्तक, प्राणी, चर्चच्या इमारती असे सारे काही त्यात असते, आणि ते सारे मुळ्यांचे!

मुळा हे मूळचे मेक्सिकोचे पीक नव्हे. ते स्पॅनिश लोकांनी तेथे नेले. नाताळच्या बाजारात गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी भाजी विकणारे आपल्या मुळ्यांवर नक्षी कोरू लागले. ही टूम लोकांना इतकी आवडली की १८९७ मध्ये नगरपालिकेने तिला स्पर्धेचे स्वरूप दिले. आता स्पर्धेसाठी मुळ्यांची स्वतंत्र लागवड होते. ते जमिनीत मुद्दाम अधिक काळ ठेवले जातात, त्यामुळे अर्धा मीटर लांबीचे, वेड्यावाकड्या आकाराचे मुळे मिळतात. हे मुळे खाण्यासाठी नसतातच.

कापलेला मुळा काही तासांत काळवंडतो आणि सुकतो. कारागीर आपल्या मूर्तींवर सारखे पाणी शिंपडत राहतात. रात्र सरली की कलाकृतीही संपली. शेतकरी, त्यांच्या बायका आणि मुले कित्येक तास खपून जे घडवितात, ते दुसऱ्या दिवशी उरत नाही. गणपतीची मूर्ती मोठ्या हौसेने घडवून तिचे विसर्जन करणाऱ्या मराठी वाचकाला यातील भाव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हवामान सांगणारा 'फिल' आणि भेंडवळचा घट

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पंक्सटॉनी या लहानशा गावात दरवर्षी २ फेब्रुवारीला पहाटे हजारो लोक थंडीत कुडकुडत एका प्राण्याची वाट पाहतात. 'ग्राउंडहॉग' हा खारीच्या कुळातील, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी. उंच काळ्या टोप्या घातलेले मंडळाचे सदस्य 'फिल' नावाच्या या प्राण्याला समारंभपूर्वक बाहेर काढतात. त्याला आपली सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे टिकणार आणि न दिसल्यास वसंत लवकर येणार, असा संकेत आहे.

ही समजूत जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत आणली. २ फेब्रुवारी हा ख्रिस्ती परंपरेतील मेणबत्त्यांचा सण असून त्या दिवशीच्या उन्हावरून पुढील हवामान ओळखण्याची रीत युरोपात जुनी आहे. पंक्सटॉनीच्या टेकडीवरील सोहळा १८८७ पासून चालू आहे. तेव्हापासून आजवर 'फिल' एकच असून एका गुप्त रसायनामुळे तो चिरंजीव झाला आहे, असे मंडळाचे सदस्य अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात. अमेरिकेतील सरकारी हवामान संस्थेने पडताळा घेतला असता फिलचे अंदाज निम्म्याहूनही कमी वेळा खरे ठरल्याचे आढळले. नाणेफेक त्याहून बरी. पण त्यामुळे गर्दी कमी झालेली नाही.

याला हसण्यापूर्वी आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहावे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला सायंकाळी शेतात घटमांडणी केली जाते. वर्तुळात धान्ये मांडून मध्यभागी खड्ड्यात मातीची ढेकळे, पाण्याची घागर आणि त्यावर पापड, करंजी आदी पदार्थ ठेवतात. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात झालेले बदल पाहून वाघ घराण्यातील मंडळी पाऊस आणि पीकपाण्याचे भाकीत सांगतात. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, असे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वारंवार बजावतात. दोन्ही ठिकाणी सावली आणि घट पाहिले जातात. फरक इतकाच की पंक्सटॉनीच्या लोकांना फिलवर शेती अवलंबून ठेवावी लागत नाही. भेंडवळला जमलेल्यांपैकी अनेकांचे पेरणीचे पैसे पणाला लागलेले असतात.

माकडांची पंगत आणि तिचा हिशेब

थायलंडमध्ये बँकॉकच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर लोपबुरी हे प्राचीन शहर आहे. श्रीरामाने हनुमंताला हा प्रदेश बक्षीस दिला, अशी तेथील लोककथा आहे. त्यामुळे शहरातील माकडांना मान मिळत आला. १९८९ मध्ये एका स्थानिक हॉटेल व्यावसायिकाने पर्यटक यावेत या हेतूने माकडांसाठी मेजवानी सुरू केली. नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी प्राचीन मंदिराच्या अवशेषांसमोर टेबले मांडून त्यांवर फळे, भाज्या आणि मिठाईचे मनोरे रचले जाऊ लागले. लालभडक कलिंगडावर बसलेल्या माकडांची छायाचित्रे जगभर गेली.

या पंगतीचा दुसरा अध्याय मात्र गोड नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पर्यटक येईनासे झाले. आयत्या खाऊची सवय लागलेल्या माकडांच्या टोळ्या अन्नासाठी भररस्त्यात एकमेकांवर तुटून पडल्या. पुढे ती घरांत, दुकानांत शिरू लागली, माणसांवर हल्ले होऊ लागले आणि जुन्या वस्तीतील अनेक दुकाने बंद पडली. २०२४ मध्ये प्रशासनाने माकडे पकडून त्यांची नसबंदी करण्याची आणि त्यांना बंदिस्त आवारात ठेवण्याची मोठी मोहीम हाती घेतली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आवारातून निसटलेल्या सुमारे दोनशे माकडांनी एका पोलीस ठाण्यालाच वेढा घातला. माकडांना खाऊ घालण्याचे पुण्य आणि पर्यटकांचे पैसे यांचा मेळ काही काळ बसला. परंतु त्याची किंमत शहराला आणि माकडांनाही मोजावी लागली.

संपूर्ण बेट गप्प होते तेव्हा

इंडोनेशियातील बाली बेटावरील 'न्येपी' हा सण नेमका उलट्या टोकाचा. सर्वत्र सण म्हणजे गोंगाट, तर न्येपी म्हणजे मौन. हा बालीतील हिंदूंचा शक वर्षारंभ. आपल्या शालिवाहन शकाशी या कालगणनेचे नाते आहे, त्यामुळे काही वर्षी न्येपी आणि गुढीपाडवा जवळजवळ येतात. २०२३ मध्ये तर दोन्ही सण एकाच दिवशी, २२ मार्चला होते.

आदल्या संध्याकाळी 'ओगोह-ओगोह' नावाच्या अक्राळविक्राळ राक्षसी पुतळ्यांची वाजतगाजत मिरवणूक निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून पुढचे चोवीस तास चार गोष्टी वर्ज्य असतात : अग्नी वा दिवा लावणे, काम करणे, प्रवास करणे आणि करमणूक. रस्ते ओस पडतात. डेनपसारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ पूर्ण दिवस बंद राहतो. २०१८ पासून मोबाइलवरील इंटरनेट सेवाही त्या दिवशी थांबविण्यात येते. पर्यटकांना हॉटेलबाहेर पडता येत नाही. 'पचलांग' नावाचे पारंपरिक रक्षक गस्त घालतात. रुग्णालये आणि तातडीच्या सेवा तेवढ्या चालू असतात.

वर्षभर पर्यटकांवर पोट असलेले बेट एक दिवस पर्यटकांसाठीही आपला नियम मोडत नाही, ही बाब विशेष आहे. बाजारपेठेच्या सोयीने सण हलविण्याच्या काळात न्येपीने आपली मर्यादा स्वतःच आखली आहे. त्या रात्री बालीत दिवे नसतात आणि आकाश ताऱ्यांनी भरून जाते.

घोड्यांसाठी सुट्टी, डोंगरासाठीही

काही देशांत नवलाच्या गोष्टींना सरकारी सुट्टीचा मान आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीसाठी सार्वजनिक सुट्टी असते. 'मेलबर्न कप' ही शर्यत १८६१ पासून होते आणि तिच्यासाठी सुट्टी देण्याची प्रथाही एकोणिसाव्या शतकातीलच. जेमतेम साडेतीन मिनिटांच्या शर्यतीसाठी दिवसभर सुट्टी, ही चैन कोणालाही हेवा वाटावा अशीच. मात्र शर्यतीत जखमी होऊन घोडे दगावल्याच्या घटनांनंतर प्राणिप्रेमी संघटनांचा या शर्यतीला विरोध वाढत गेला आहे.

जपानने २०१४ मध्ये कायदा करून ११ ऑगस्ट हा 'पर्वत दिन' ठरविला आणि २०१६ पासून ती राष्ट्रीय सुट्टी झाली. डोंगरांशी जवळीक साधावी आणि त्यांच्या उपकारांबद्दल कृतज्ञ राहावे, हा त्यामागील हेतू. त्याआधी १९९६ पासून तेथे 'सागर दिन' होताच. पोळ्याला बैलांच्या खांद्यावरचे जू उतरवून त्यांना पुरणपोळी भरविणाऱ्या आपल्या मुलखाला अशा सुट्टीचे फारसे नवल वाटू नये.

ठरवून जन्माला घातलेले दिवस

अलीकडच्या काळात सण लोकांच्या नकळत घडत नाहीत. ते जाहीर केले जातात. १९९५ मध्ये अमेरिकेतील दोन मित्रांना खेळताखेळता कल्पना सुचली की, वर्षातून एक दिवस समुद्री चाच्यांच्या भाषेत बोलावे. त्यांनी १९ सप्टेंबर हा दिवस निवडला, कारण तो त्यांपैकी एकाच्या घटस्फोटित पत्नीचा वाढदिवस होता आणि ती तारीख विसरली जाण्याचा संभव नव्हता! २००२ मध्ये विनोदी लेखक डेव्ह बॅरी यांनी आपल्या सदरात त्याविषयी लिहिले आणि ही गंमत जगभर पसरली.

गणितातील 'पाय' या संख्येचा दिवसही असाच. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्सप्लोरेटोरियम' या विज्ञान संग्रहालयातील भौतिकशास्त्रज्ञ लॅरी शॉ यांनी १४ मार्चला तो सुरू केला. अमेरिकी पद्धतीने ही तारीख ३/१४ अशी लिहिली जाते आणि पायची किंमत ३.१४ पासून सुरू होते, हे त्यामागचे इंगित. आपल्याप्रमाणे आधी दिवस आणि मग महिना लिहिणाऱ्यांसाठी २२/७, म्हणजे २२ जुलै, अधिक सोयीचा. २०१९ मध्ये युनेस्कोने १४ मार्च हा 'आंतरराष्ट्रीय गणित दिन' म्हणून जाहीर केला.

१९ नोव्हेंबरच्या 'जागतिक शौचालय दिना'चे नाव ऐकून हसू येते. सिंगापूरचे उद्योजक जॅक सिम यांनी २००१ मध्ये जागतिक शौचालय संघटना स्थापन केली, तेव्हा त्यांचा हिशेब हाच होता. ज्या विषयावर बोलायची लाज वाटते, त्यावर लोकांना आधी हसवावे आणि मग बोलते करावे. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या दिवसाला मान्यता दिली. जगातील तीन अब्जांहून अधिक लोकांना आजही सुरक्षित स्वच्छतागृहाची सोय नाही, हे लक्षात घेतले तर या दिवसातील गंमत लवकर ओसरते.

आपल्या अंगणातील नवल

परदेशी सणांना 'विचित्र' म्हणताना आपले गाव विसरून चालत नाही. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही शेजारशेजारची गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या महिला मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हलगीच्या ठेक्यावर, हातवारे करीत एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. हा 'बोरीचा बार'. वेळ संपली की शिव्याही संपल्या. मनात राग ठेवायचा नाही, असा दंडक आहे. एरवी ज्यांनी मोठ्याने बोलू नये अशी अपेक्षा असते, त्यांना वर्षातून एक दिवस गावासमक्ष मोकळे होण्याची मुभा ही परंपरा देते.

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातील विडा येथे धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात. सुमारे आठ-नऊ दशकांच्या या प्रथेमुळे सण जवळ आला की गावचे जावई गायब होतात आणि त्यांना शोधण्यासाठी गावकऱ्यांची पथके निघतात. मिरवणूक झाली की जावयाला नवे कपडे देऊन त्याचा मान राखला जातो. गोव्यातही जावयाच्या वाट्याला अशीच मौज येते, फक्त तेथे गाढवाऐवजी विहीर असते. २४ जूनच्या 'सांजांव' सणाला डोक्यावर फुलापानांचे 'कोपेल' घालून लोक पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या मारतात आणि नव्या जावयाला सासुरवाडीचे आग्रहाचे निमंत्रण असते.

सगळ्याच प्रथा अशा निरुपद्रवी नाहीत. मध्य प्रदेशातील पांढुर्णा या मराठीबहुल भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'गोटमार' होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो मिळविण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव येथील लोक परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. आजवर अनेकांनी यात प्राण गमावले आहेत आणि दरवर्षी शेकडो जखमी होतात. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदीचे आदेश काढले, तरी दगड थांबले नाहीत. आता नदीकाठी रुग्णवाहिका सज्ज ठेवल्या जातात.

परंपरेत बदल होऊ शकत नाही, असा युक्तिवाद येथे केला जातो. तो टिकणारा नाही. बुन्योलच्या गावकऱ्यांनी टोमॅटो चिरडून फेकण्याचा नियम स्वीकारला. ब्रॉकवर्थने अडचणीच्या काळात लाकडाच्या चाकावर भागविले. जपानमधील इनाझावा येथील कोनोमिया मंदिराच्या 'नग्न उत्सवा'ला साडेबाराशे वर्षांची परंपरा सांगितली जाते. तेथे सोमिनसाई बंद झाला त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, प्रथमच महिलांना सहभागी करून घेण्यात आले. त्यांनी पारंपरिक अंगरखे घालून बांबूची भेट मंदिरात नेली. एका मंदिराला वारस मिळाले नाहीत म्हणून उत्सव थांबला आणि दुसऱ्याने आपला दरवाजा थोडा अधिक उघडला.

सण विचित्र आहे की नाही, हे पाहणाऱ्याच्या गावावर अवलंबून असते. तो टिकेल की नाही, हे मात्र लाकडे फोडणाऱ्या, पिशव्या शिवणाऱ्या, रस्ते धुणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी जखमींना भेटायला जाणाऱ्या माणसांवर ठरते. कोकुसेकी-जीच्या आवारातील आरोळ्या थांबल्या असल्या, तरी मंदिरातील प्रार्थना चालूच राहणार आहेत.

केव्हा आणि कोठे?

ग्राउंडहॉग दिन : २ फेब्रुवारी, पंक्सटॉनी (अमेरिका)
धुळवडीची जावई मिरवणूक : फाल्गुन, विडा (जि. बीड)
न्येपी : साधारणतः मार्च, बाली (इंडोनेशिया)
घटमांडणी : अक्षय्य तृतीया, भेंडवळ (जि. बुलढाणा)
चीजची शर्यत : मे महिन्याचा अखेरचा सोमवार, ब्रॉकवर्थ (इंग्लंड)
सांजांव : २४ जून, गोवा
बोरीचा बार : नागपंचमीचा दुसरा दिवस, सुखेड-बोरी (जि. सातारा)
पर्वत दिन : ११ ऑगस्ट, जपान
ला टोमॅटिना : ऑगस्टचा अखेरचा बुधवार, बुन्योल (स्पेन)
मेलबर्न कप : नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, मेलबर्न (ऑस्ट्रेलिया)
जागतिक शौचालय दिन : १९ नोव्हेंबर
मुळ्यांची रात्र : २३ डिसेंबर, वाहाका (मेक्सिको)

तिथीनुसार येणाऱ्या सणांच्या तारखा दरवर्षी बदलतात. प्रवासाचे बेत आखण्यापूर्वी त्या वर्षीची तारीख, तिकिटाची आवश्यकता आणि स्थानिक नियम यांची खात्री करून घ्यावी. बालीला जाणाऱ्यांनी तर न्येपीच्या दिवशी विमान मिळणार नाही, हे आधीच लक्षात ठेवावे.